ज्युरीच्या खुर्चीत कोण बसणार? मुंबईतल्या नऊ माणसांची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा नेहमीप्रमाणे लिहून काढलेला भाग.

तारीख २२ जुलै १९०८. मुंबई हायकोर्ट. बाहेर अंधार पडलाय, तरी कोर्ट उठलेलं नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात बाळ गंगाधर टिळक. गुन्हा काय, तर ‘केसरी’तले दोन लेख. १२ मेचा ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. टिळकांनी वकील न देता स्वतःच बाजू मांडली, दिवसचे दिवस बोलले. आणि आता नऊ माणसं आपल्या खोलीतून परत येऊन सांगतात: सात विरुद्ध दोन, दोषी. न्यायमूर्ती दिनशा दावर शिक्षा सुनावतात, सहा वर्षं काळं पाणी. मंडाले.

शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट इथे संपते. शिक्षा झाली, टिळक मंडालेला गेले, ‘गीतारहस्य’ लिहिलं. पण मला आज वेगळाच प्रश्न विचारायचाय. ती नऊ माणसं कोण होती? तिथे कशी आली? त्यांना कुणी बोलावलं? लाखो लोकांच्या मुंबईतून नेमकी हीच नऊ कशी निघाली?

त्या नऊ जणांत सात युरोपियन होते आणि दोन पारशी. लेख मराठीत, लेखक मराठी, वाचक मराठी. ज्युरीत मात्र एकही मराठी माणूस नाही. हा योगायोग होता का? चला, बघू.

पंच आणि ज्युरी: दोन वेगळ्या गोष्टी

आधी एक गोंधळ दूर करू. ज्युरी म्हटलं की आपल्याकडे लगेच कुणीतरी म्हणतं, "अहो, म्हणजे आपली पंचायतच की!" वरवर तसं दिसतं खरं. सामान्य माणसं बसतात आणि निवाडा करतात. पण माणसं निवडायची पद्धत बघा, तिथे दोन्हींच्या वाटा वेगळ्या होतात.

पेशवाईत दिवाणी भांडण, म्हणजे जमीन, वतन, देणं-घेणं, असं काही निघालं की पंचायत बसायची. त्यात बसणारे पंच दोन्ही बाजूंना माहीत असायचे. किंबहुना तीच अट होती. वादी आणि प्रतिवादी दोघेही लिहून द्यायचे की या पंचांचा निवाडा आम्हाला मान्य आहे. त्या कागदाचं नाव काय माहितेय? राजीनामा! हो, तोच शब्द. आज आपण नोकरी सोडताना देतो तो राजीनामा मुळात ‘राजी असल्याचा’ कागद होता. सोबत जामीनही द्यावा लागे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाबद्दल अहवाल लिहिला, त्यात या पंचायतींबद्दल बरंच सविस्तर आहे. दोष दाखवूनही ही पद्धत टिकवावी असंच त्याचं मत होतं.

इंग्लंडमधून आलेली ज्युरी याच्या बरोबर उलट्या तत्त्वावर चालायची. तिथे पक्षकारांशी ओळख हीच अडचण. माणूस अनोळखी हवा, तटस्थ हवा आणि यादीतून चिठ्ठी टाकून काढलेला हवा. पंचायत म्हणते, ज्यांच्यावर दोघांचा विश्वास आहे ते बसवा. ज्युरी म्हणते, ज्यांचा दोघांशीही संबंध नाही ते बसवा.

कागदावर दोन्ही तत्त्वं छान आहेत. पण चिठ्ठी काढायची म्हणजे आधी यादी हवी. आणि यादी कुणीतरी करावी लागते. हा मुद्दा लक्षात ठेवा, आजच्या पूर्ण भागाचा जीव त्यातच आहे.

आधी प्रश्न होता: बसायचा हक्क कुणाला?

मुंबईत ज्युरी आली ती खूप लवकर, सतराव्या शतकात. मुंबई बेट पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाकडे आणि राजाकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे आलं. पुढे गव्हर्नर जेराल्ड आँजिएरच्या काळात, १६७२ मध्ये, इथे इंग्रजी कायद्याने चालणारं न्यायालय सुरू झालं. जॉर्ज विलकॉक्स नावाचा न्यायाधीश नेमला गेला आणि ज्युरीची पद्धत आली. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक व्हायला अजून दोन वर्षं होती, एवढी जुनी ही गोष्ट!

पुढे कोर्टं बदलत गेली. मेयर्स कोर्ट, रेकॉर्डर्स कोर्ट, मग १८२४ मध्ये मुंबईचं सुप्रीम कोर्ट. त्या काळात ज्युरी दोन प्रकारच्या असत. ग्रँड ज्युरी ठरवायची की खटला चालवण्याइतका पुरावा आहे का. आणि पेटी ज्युरी, म्हणजे छोटी, ठरवायची की आरोपी दोषी की निर्दोष. या दोन्हींत बसायचे ते गोरे.

१८२६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने एक कायदा केला. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन शहरांतले भारतीय आता ज्युरीत बसू शकतील. वा! पण थांबा, पुढची अट ऐका. हिंदू, मुसलमान किंवा पारशी माणूस ग्रँड ज्युरीत बसू शकणार नाही. आणि आरोपी ख्रिश्चन असेल तर त्याच्या खटल्यात फक्त ख्रिश्चनच बसतील. उलट बाजूने अशी बंदी नाही. म्हणजे ख्रिश्चन माणूस हिंदूचा न्याय करू शकतो, हिंदू माणूस ख्रिश्चनाचा करू शकत नाही.

याला जोरदार विरोध झाला. कलकत्त्यात राजा राममोहन राय पुढे होते, मुंबईतूनही अर्ज गेले. त्यांचं म्हणणं साधं होतं: हक्क देताना अपमानही सोबत का देता? शेवटी १८३२ मध्ये नवा कायदा आला. धर्माची ती अट गेली, ग्रँड ज्युरीचं दार उघडलं आणि भारतीयांना जस्टिस ऑफ द पीस होण्याचीही वाट मोकळी झाली. पुढे जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारखी मुंबईची बडी मंडळी जस्टिस ऑफ द पीस झाली, ती याच बदलामुळे.

म्हणजे १८३२ नंतर कायद्याच्या पुस्तकात दार उघडं होतं. ग्रँड ज्युरी १८६५ मध्ये बंद झाली, उरली ती निकाल देणारी ज्युरी. आता प्रश्न हक्काचा राहिला नाही. आता प्रश्न आला यादीचा.

यादी, समन्स, चिठ्ठी

आता जरा यंत्राच्या आत शिरू. १८९८ चा फौजदारी प्रक्रिया कायदा, म्हणजे क्रिमिनल प्रोसिजर कोड, उघडला तर ज्युरी कशी बोलवायची याची अख्खी कृती सापडते.

पायरी पहिली: पात्र कोण? २१ ते ६० वयाचे सर्व पुरुष. हो, पुरुष. बायकांचा प्रश्नच नाही, कायद्यात शब्दच तसा होता.

पायरी दुसरी: सूट कुणाला? पोलीस, पगारी न्यायाधीश, वकील, कलेक्टर, सैन्यातले लोक, धर्मोपदेशक, पोस्ट आणि तार खात्यातले कर्मचारी. आणि डॉक्टर, पण कसे? जे ‘उघडपणे आणि सतत’ वैद्यकी करतात ते. म्हणजे नुसती पाटी लावून सुटका नाही!

पायरी तिसरी: यादी. मुंबईत दरवर्षी एप्रिलच्या आत हायकोर्टाचा एक अधिकारी, क्लार्क ऑफ द क्राउन, दोन याद्या तयार करायचा. एक कॉमन ज्युरर्सची, एक स्पेशल ज्युरर्सची. स्पेशल यादी करताना बघायचं काय? मालमत्ता, चारित्र्य आणि शिक्षण. बस्स. कोण पुरेसा श्रीमंत, कोण पुरेसा चारित्र्यवान, कोण पुरेसा शिकलेला, हे ठरवणारा तो एकच अधिकारी. त्याच्या निवडीवर अपील नाही. याद्या सरकारी गॅझेटात छापल्या जात.

पायरी चौथी: समन्स. फौजदारी खटल्यांचं सत्र सुरू व्हायच्या आधी स्पेशल यादीतले किमान २७ आणि कॉमन यादीतले किमान ५४ लोक बोलावले जायचे. एकदा बोलावलेल्या माणसाला शक्यतो सहा महिने परत त्रास द्यायचा नाही. समन्स लेखी यायचं: अमुक दिवशी, अमुक ठिकाणी हजर व्हा. कारण नसताना गैरहजर राहिलात तर दंड.

पायरी पाचवी: चिठ्ठी. कोर्टात हजर असलेल्यांतून नावं निघायची. हायकोर्टात नऊ जण लागत. प्रत्येक नाव मोठ्याने पुकारलं जाई, तो माणूस पुढे येई आणि आरोपीला विचारलं जाई: या ज्युररने तुझा न्याय करावा, याला तुझी हरकत आहे का?

हा क्षण मला फार महत्त्वाचा वाटतो. पिंजऱ्यात उभ्या माणसाला त्याच्या न्याय करणाऱ्याकडे बघून ‘नको’ म्हणता यायचं. हायकोर्टात तर कारण न सांगता आठ जणांना नाकारता येई. पण तीच मुभा सरकारलाही. आठ यांचे, आठ त्यांचे.

त्यानंतर कारण देऊन हरकत घेता यायची. कारणांची यादी वाचताना गंमत वाटते. पक्षपात, ठीक. शिक्षा झालेला माणूस, ठीक. वय जास्त किंवा कमी, ठीक. आणि एक कारण असं: ज्याने सवयीने किंवा धार्मिक व्रताने संसाराची सगळी काळजी सोडून दिली आहे असा माणूस! म्हणजे बैरागी, संन्यासी ज्युरीत नको. ज्याला जगाशीच देणंघेणं नाही, तो जगातल्या भांडणाचा निवाडा काय करणार, असा हिशेब असावा.

पण या यादीतलं खरं वजनदार कारण दुसरंच आहे. साक्षीपुरावा ज्या भाषेत दिला जातो, किंवा ज्या भाषेत त्याचा अनुवाद करून सांगितला जातो, ती भाषा न समजणारा माणूस नको. हे वाक्य परत वाचा. ‘किंवा अनुवाद करून सांगितला जातो.’ हायकोर्टाची भाषा इंग्रजी. म्हणजे मराठी साक्ष इंग्रजीत सांगितली की झालं. इंग्रजी न येणारा मराठी माणूस बाहेर, मराठी न येणारा इंग्रज आत.

आणि हे सगळं मुंबई शहरापुरतं. बाहेर जिल्ह्यांत ज्युरी सगळीकडे नव्हतीच. सरकार ठरवेल त्या जिल्ह्यात, ठरवेल त्या गुन्ह्यांसाठीच ज्युरी बसायची. बाकी ठिकाणी असायचे असेसर. हे दोनचार स्थानिक लोक न्यायाधीशाशेजारी बसून सगळं ऐकणार, मत देणार, आणि न्यायाधीशाला ते पटलं नाही तर तो सरळ बाजूला ठेवणार. बोलवायचं नागरिक म्हणून आणि ऐकायचं पाहुणा म्हणून, असा तो प्रकार.

गोऱ्या माणसाचं मात्र तसं नव्हतं. १८८३ मध्ये इल्बर्ट बिलावरून जो गदारोळ झाला, तो आठवतो? हिंदी न्यायाधीशाने युरोपियनाचा खटला चालवायचा की नाही यावरून. त्यातून निघालेली तडजोड हीच होती: युरोपियन आरोपीला निदान निम्मे युरोपियन किंवा अमेरिकन असलेली ज्युरी मागता येईल. ज्युरीत आपल्यासारखी माणसं असण्याची किंमत काय असते, हे त्यांना नीट माहीत होतं. म्हणून तर ते इतके भांडले.

सहाचा आकडा

आता परत टिळकांकडे येऊ. पण १९०८ च्या आधी १८९७ ला.

प्लेगचं वर्ष. पुण्यात रँडचा खून झाला. त्यानंतर ‘केसरी’तल्या लिखाणावरून टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला. न्यायमूर्ती आर्थर स्ट्रॅची. ज्युरीत नऊ जण: सहा युरोपियन आणि तीन भारतीय. त्या तिघांत दोन हिंदू आणि एक पारशी. निकाल काय लागला? सहा विरुद्ध तीन, दोषी. दीड वर्ष सक्तमजुरी.

आता कायद्यातला एक नियम सांगतो. हायकोर्टात ज्युरीचं एकमत व्हायची गरज नव्हती. नऊपैकी सहा जणांचं एक मत झालं आणि न्यायाधीशाला ते मान्य असलं की निकाल पक्का. किती? सहा. ज्युरीत युरोपियन किती होते? सहा.

एक युरोपियन कमी असता आणि त्या जागी एक भारतीय असता तर? पाच-चार झालं असतं आणि त्या ज्युरीकडून दोषी असा निकाल निघूच शकला नसता. कुणी कुठे मत दिलं हे ज्युरी नाव घेऊन सांगत नाही, तेव्हा मीही शपथेवर सांगणार नाही. पण आकडे जुळतात ते असे. आणि त्या काळच्या लोकांनीही ते तसेच वाचले.

आता १९०८. यावेळी सरकारने आधीच अर्ज केला की हा खटला स्पेशल ज्युरीपुढे चालवा. खून, म्हणजे फाशीची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात स्पेशल ज्युरी ठरलेलीच असे. इतर खटल्यांत न्यायाधीशाने हुकूम केला तर. राजद्रोहाला फाशी नव्हती, म्हणून हा अर्ज.

टिळकांच्या बाजूने विरोध झाला. मुद्दा असा: स्पेशल यादीत युरोपियनांचा भरणा जास्त. म्हणजे ज्युरीत त्यांचं बहुमत होणार आणि त्यांना मराठी येत नाही. खटला तर मराठी लेखांचा आहे! शब्दाची छटा, टोमणा, उपरोध, हे सगळं भाषांतरातून कसं कळणार? राजद्रोह लेखात आहे की नाही हे ज्यांना तो लेख वाचताच येत नाही त्यांनी ठरवायचं?

न्यायमूर्ती दावर यांनी सरकारचा अर्ज मान्य केला. नशिबाचा खेळ बघा, हेच दावर १८९७ मध्ये वकील होते आणि टिळकांना जामीन मिळावा म्हणून उभे राहिले होते. अकरा वर्षांनी टिळकांचा जामिनाचा अर्ज त्यांच्याचसमोर आला. अर्ज मांडणारे वकील होते बॅरिस्टर महंमद अली जिना. दावरांनी तो नाकारला.

मग खटला उभा राहिला तेव्हा टिळकांनी काय केलं? आपल्या भाषणाचा मोठा भाग भाषांतरावर खर्च केला. सरकारी अनुवादात हा शब्द चुकलाय, त्या शब्दाचा अर्थ तितका कडक नाही, हे वाक्य असं तोडून वाचू नका. आज आपल्याला वाटतं, एवढा मोठा नेता शब्दांच्या अर्थावर का अडून बसला? कारण समोरच्या सात जणांच्या हातात त्यांचा लेख नव्हताच. त्यांच्या हातात होता फक्त त्याचा इंग्रजी अनुवाद.

निकाल तुम्हाला माहीत आहे. सात-दोन. ज्युरीने काहीही म्हटलं तरी मी निर्दोष आहे, माणसाच्या हातातल्यापेक्षा वरच्या शक्ती जगाचं नियंत्रण करतात, अशा अर्थाचं टिळक बोलले. ते शब्द आज मुंबई हायकोर्टात त्या दालनाबाहेर संगमरवरावर कोरलेले आहेत. १९५६ मध्ये तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या हस्ते ती पाटी लागली. पाटी वाचताना लोकांना ‘वरच्या शक्ती’ लक्षात राहतात. मला त्याच्या आधीचे शब्द जास्त टोचतात: ज्युरीने काहीही म्हटलं तरी.

आणि निकालानंतर गिरणगावाने काय केलं? सहा दिवस संप. वर्षाला एक दिवस. ज्यांचं नाव क्लार्क ऑफ द क्राउनच्या स्पेशल यादीत कधीच येणार नव्हतं, कारण ना मालमत्ता, ना इंग्रजी शिक्षण, त्या गिरणी कामगारांनी आपलं मत रस्त्यावर नोंदवलं. त्यांना समन्स कुणी पाठवलं नव्हतं.

मग ज्युरी गेली कशी?

इथे तुमच्यातले निम्मे म्हणतील, "ते माहितेय, नानावटी केसमुळे!" अक्षय कुमारचा ‘रुस्तम’ बघितलेला असतो ना. पण गोष्ट तेवढी सरळ नाही.

२७ एप्रिल १९५९ ला नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या. मुंबईच्या सेशन्स कोर्टात नऊ जणांच्या ज्युरीपुढे खटला चालला. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींच्या बाजूने धडाका लावला होता, कोर्टाबाहेर गर्दी जमत होती. ज्युरीने आठ विरुद्ध एक असा निकाल दिला: निर्दोष. न्यायाधीशांना तो पटला नाही. सेशन्स न्यायाधीशाला ज्युरीचा निकाल न्यायाला धरून वाटला नाही तर खटला हायकोर्टाकडे पाठवता येई. त्यांनी पाठवला. १९६० मध्ये हायकोर्टाने जन्मठेप दिली, १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. आता यातला कुणी न सांगणारा भाग: हायकोर्टाने फक्त ज्युरीला बोल लावला नाही. न्यायाधीशांनी ज्युरीला कायदा समजावून सांगतानाच चुका केल्या होत्या, असंही हायकोर्टाने म्हटलं.

पण ज्युरी बंद करा ही शिफारस लॉ कमिशनने १९५८ मध्येच केली होती. म्हणजे गोळ्या झाडल्या जाण्याच्या आधी! आणि देशात ज्युरीचे खटले नानावटीनंतरही होत राहिले. बंगालमध्ये तर बरीच वर्षं. असेसर १९५५ च्या दुरुस्तीने गेले होते. ज्युरी पूर्ण संपली ती १९७३ च्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याने, जो १ एप्रिल १९७४ पासून लागू झाला. तेव्हा ‘नानावटी म्हणजे भारतातला शेवटचा ज्युरी खटला’ असा फॉरवर्ड आला तर पुढे पाठवू नका.

मला वाटतं, ज्युरी आपल्याकडे गेली तेव्हा फार कुणी रडलं नाही, याचं कारण तिच्या इतिहासातच आहे. ती आपली कधी झालीच नाही. बहुतेक जिल्ह्यांना ती मिळाली नाही. मिळाली तिथे इंग्रजी येणाऱ्या, पैसेवाल्या पुरुषांना मिळाली. ज्या गोष्टीत आपलं नाव कधी यादीतच आलं नाही, ती बंद झाल्याचं दुःख कुणाला होणार?

अजून काय उरलंय?

पण संपली म्हणताना एक कोपरा राहतो. त्याच मुंबई हायकोर्टात!

पारशी समाजाच्या घटस्फोटाच्या आणि वैवाहिक वादांच्या खटल्यांत आजही सामान्य नागरिक बसतात. त्यांना डेलिगेट म्हणतात. १८६५ च्या पारशी विवाह कायद्यात असे अकरा जण असायचे, १९३६ च्या कायद्यात सात झाले, १९८८ च्या दुरुस्तीनंतर पाच. कायद्याचा प्रश्न न्यायाधीश सोडवतात, पण वस्तुस्थिती काय घडली हे डेलिगेट बहुमताने ठरवतात. निवड कशी? स्थानिक पारशी समाजाला मत मांडायची संधी देऊन राज्य सरकार त्यांना दहा वर्षांसाठी नेमतं, नावं गॅझेटात येतात, आणि पाळीपाळीने त्यांना खटल्यात घेतलं जातं. पक्षकारांना कारण न देता काही डेलिगेट नाकारताही येतात. ओळखीचं वाटतंय ना? यादी, गॅझेट, पाळी, हरकत. शंभर वर्षांपूर्वीचीच कृती.

दुसरीकडे, अमेरिकेत स्थायिक होऊन नागरिक झालेल्या मराठी मंडळींना टपालात ज्युरीचं समन्स येतंच. ग्रीन कार्डवर असेपर्यंत नाही, नागरिक झाल्यावर. तिथे यादी होते ती मतदार नोंदणीवरून, बऱ्याच ठिकाणी ड्रायव्हिंग लायसन्सच्या नोंदींवरूनही. मालमत्ता आणि शिक्षण बघून वेगळी ‘स्पेशल’ यादी नाही. तरी यादीचं भांडण तिथेही झालंच. कारण न देता ज्युरर नाकारायचा हक्क वापरून सरकारी वकील कृष्णवर्णीयांना वगळायचे. १९८६ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, वंशाच्या कारणावरून असं वगळता येणार नाही. इंग्लंडने तर १९८८ मध्ये आरोपीचा तो बिनकारणाचा हक्कच काढून टाकला.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे ‘पंच’ हा शब्द जिवंत आहे, पण त्याचं काम बदललं. आज पोलीस दारात येऊन म्हणतात, "जरा पंच म्हणून या," तेव्हा ते निवाडा करायला बोलवत नसतात. पंचनाम्यावर सही करायला बोलवत असतात. ज्याच्या निवाड्याला दोन्ही बाजू राजीनामा लिहून द्यायच्या, तो पंच आता साक्षीदार झालाय.

मग ज्युरी परत आणावी का? सोशल मीडियावर अधूनमधून हा वाद पेटतो. एक बाजू म्हणते, लोकांना न्याय करू द्या. दुसरी म्हणते, नानावटी आठवा. माझं म्हणणं एवढंच की पुढच्या वेळी कुणी ‘जनतेच्या हातात न्याय’ म्हणालं, तर त्याला एक साधा प्रश्न विचारा: जनता म्हणजे कोण, आणि ती यादी कोण करणार? १८२६ ला यादीत धर्म आडवा आला. १९०८ ला मालमत्ता आणि इंग्रजी आडवी आली. बायकांसाठी तर यादीचं पानच नव्हतं. चिठ्ठी प्रामाणिक असेलही. पण ज्याचं नाव डब्यातच टाकलं नाही, त्याची चिठ्ठी निघणार कुठून?

ज्युरी नसली तरी हा प्रश्न काही जुना झालेला नाही. मतदार यादी असो, रेशनची यादी असो की लाभार्थ्यांची, निकालाच्या आधी यादी असते. तिच्याकडे लक्ष ठेवा.